बोळातले कपाट

आक्का राहायला येणार हे ठरले, तेव्हा घरात पहिली चर्चा आक्कांची झाली नाही. कपाटाची झाली.

"वन्संना जागा आहे," बायको म्हणाली, "कपाटाला नाही."

तिच्या तोंडात टाचण्या होत्या आणि गळ्यात मापाची टेप होती. ती शाळांचे गणवेश शिवत असे. त्यामुळे घरातल्या कुठल्याही प्रश्नाला ती आधी टेप लावी आणि मग मत देई. तिने मागच्या खोलीची भिंत मापली, शिलाई मशीन खिडकीखाली सरकवले, कापडाचे ठाण पलंगाखाली ढकलले आणि भिंत पुन्हा मापली.

"बसेल," ती शेवटी म्हणाली. "मग आपण कुठे बसायचं ते वन्संनाच विचारा."

तिच्या नवऱ्याने नुसती मान हलवली. ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसत, म्हणून गल्लीत त्यांना खिडकीसाहेब म्हणत. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून ते घरी येत, आणि घरी आल्यावर कोणी काही बोलले तर मान हलवत. त्या मान हलवण्याचा अर्थ हो असतो की नाही, हे बायकोलाही इतक्या वर्षांत नीट कळले नव्हते.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईवडील गेल्यावर तिनेच त्यांना वाढवले होते. ती टेलिफोन ऑपरेटर होती. डोक्याला यंत्र लावून दिवसभर या गावचा माणूस त्या गावच्या माणसाला जोडून द्यायची. स्वतः मात्र कोणाशी जोडली गेली नाही, एकटीच राहिली. गेल्या महिन्यात ती न्हाणीघरात पडली आणि कमरेचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. यापुढे एकटे राहू नका, असे डॉक्टरांनी बजावले, तेव्हा तिने भावाला दवाखान्यातून फोन केला.

"येते," ती म्हणाली. "पण माझं कपाट येईल बरोबर."

ते कपाट तिने पहिल्या नोकरीत, पोटाला चिमटा काढून घेतले होते. शिसवी लाकडाचे, दोन दारांचे, हत्तीसारखे. भावाचे शाळेचे कपडे त्यातच असत. लहानपणी रुसला की तो त्याच्या खालच्या कप्प्यात जाऊन बसे, आणि आक्का बाहेरून टकटक करून विचारी, "कोणी आहे का घरात?" हे सगळे खिडकीसाहेबांना आठवत होते. त्यांनी फोनवर मान हलवली.

बायको मागे उभी होती. "कपाटपण?" ती म्हणाली. "इथे माणसांना जागा नाही."

ती हळू बोलली होती. पण जन्मभर फोनवर बसलेल्या बाईला फोनच्या मागचे बोलणेही ऐकू येते, हे तिच्या लक्षात आले नाही. पलीकडून आक्का एवढेच म्हणाली, "बरं. शनिवारी दुपारी सोडतायत मला."

त्यांची गल्ली आतल्या बाजूने बंद होती. शेवटी एका गोदामाची उंच भिंत होती, त्यामुळे यायला आणि जायला वाट एकच, एक अरुंद बोळ. बोळाला मध्यावर एक वळण होते. वळणाच्या एका बाजूला फोटोवाल्यांच्या दुकानाच्या पायऱ्या बाहेर आल्या होत्या. पूर्वी एकच पायरी होती, पण फोटो काढून घ्यायला नटून आलेली माणसे अडखळतात म्हणून त्यांनी दुसरी बांधली. समोरच्या बाजूला दातांच्या डॉक्टरांनी आपल्या कॉम्प्रेसरसाठी लोखंडी पिंजरा बसवला होता, कारण तो आत घुरघुरला की रोगी खुर्चीतून उठून जात. आधी पायरी आली की आधी पिंजरा आला, यावर दोघांचे बोलणे बंद होते. गल्लीतली माणसे मधून तिरकी होऊन जात. हातात पिशव्या असल्या तर आधी पिशव्या जात, मग माणूस.

या बोळाचे काहीतरी करावे म्हणून गल्लीत रहिवासी मंडळ होते. मंडळाला अध्यक्ष होते, बोळाच्या आतल्या तोंडाशी एक खोली होती आणि दर महिन्याला सभा होती. नसत ती फक्त माणसे. निम्मी घरे हजर असल्याशिवाय सभा भरत नसे आणि निम्मी घरे कधी हजर नसत. अध्यक्ष हे निवृत्त ग्रंथपाल होते. रिकाम्या खुर्च्या आणि शांतता यांची त्यांना सवय होती. ते वेळेवर येत, खिडक्या उघडत, थोडा वेळ वाट पाहत, 'कोरमअभावी सभा तहकूब' असे स्वतःलाच मोठ्याने सांगत आणि खिडक्या लावून घरी जात. सभेचे पत्रक मात्र घरोघर पोचे. खिडकीसाहेबांच्या घरी त्याच्या कोऱ्या बाजूवर गणवेशाच्या कॉलरचे माप कापले जाई. खिडकीसाहेब मंडळात एकदाही गेले नव्हते. दिवसभर तक्रारी ऐकायच्या आणि सुट्टीच्या दिवशीही तेच करायचे, तर मग कचेरी आणि घर यांत फरक काय, असे त्यांचे म्हणणे होते. ते त्यांनी कधी कोणाला सांगितले नव्हते.

शनिवारी दुपारी हातगाडीवरून कपाट आले. गाडी बोळात शिरणे शक्यच नव्हते, म्हणून दोन हमालांनी ते उतरवून आडवे उचलले. खिडकीसाहेब आणि बायको वाट दाखवत पुढे चालली. वळणापर्यंत सगळे ठीक झाले. वळणावर आडवे कपाट वळेना.

"उभं करून फिरवू," पुढचा हमाल म्हणाला.

उभे केले. फिरवले. अर्धे फिरले आणि त्यातून एक लांब, जड आवाज आला, मोठ्या माणसाने खुर्चीत बसताना काढावा तसा. मग ते थांबले. एक कड पायरीवर चढली होती, दुसरी पिंजऱ्याच्या गजांत शिरली होती. दारे रस्त्याकडे, पाठ गल्लीकडे आणि मधे बोळ संपला होता.

आतल्या हमालाने ढकलले. बाहेरच्या हमालानेही ढकलले. दोघेही प्रामाणिक होते आणि दोघांची ताकद सारखी होती, त्यामुळे कपाट आणखी घट्ट बसले. ते एकमेकांच्या विरुद्ध ढकलत होते, हे लक्षात येईपर्यंत ते असे बसले होते, की जणू बोळ त्याच्याभोवतीच बांधला असावा. वर वीतभर फट होती. तेवढ्यातून पलीकडचे आकाश दिसत होते.

आवाज ऐकून अध्यक्ष आपल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी चष्मा पुसून कपाटाकडे पाहिले.

"कोणाचं आहे?"

"आमचं," खिडकीसाहेब म्हणाले. "बहिणीचं. अडकलंय."

"ते दिसतंय. तुमची तक्रार काय आहे?"

"हीच. की अडकलंय."

"अडकणं ही घटना झाली," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "तक्रार कोणाविरुद्ध तरी असावी लागते. पायरीविरुद्ध आहे, पिंजऱ्याविरुद्ध आहे, की कपाटाविरुद्ध आहे, ते ठरवून सांगा. नोंद घेतो. पुढच्या सभेत विषय मांडू."

हे वाक्य खिडकीसाहेबांच्या ओळखीचे होते. नोंद घेतली आहे, पुढे पाठवतो, असे ते रोज किती माणसांना सांगत असतील, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. खिडकीच्या या बाजूला उभे राहून ते कसे ऐकू येते, हे त्यांना आज पहिल्यांदा कळले.

"आज माझी बहीण यायची आहे दवाखान्यातून," ते म्हणाले. "आत्ता येईल."

"मग कठीण आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटले.

एवढ्यात दातांच्या डॉक्टरांकडून एक गृहस्थ बाहेर आले. त्यांचा अर्धा जबडा बधिर केलेला होता. कपाट पाहून ते थबकले, मागे वळून डॉक्टरांकडे गेले आणि गालाला हात लावून काहीतरी म्हणाले. त्यांना घरी जायचे होते, एवढेच डॉक्टरांना समजले. डॉक्टर हातमोजे न काढताच बाहेर आले. कामावर निघालेला दुपारपाळीचा मीटर-तपासनीस आला, शिकवणीला निघालेल्या मुली आल्या, मुलींच्या मागे त्यांच्या आया आल्या. बाहेरच्या बाजूला फोटोवाले दुकानातून निघून आपल्याच पायरीवर अडकले होते. त्यांच्यामागे, रात्रपाळी लांबल्यामुळे आता कुठे घरी परतणाऱ्या नर्सबाई हातात चपला घेऊन उभ्या होत्या, कारण पाय सुजले होते. बघता बघता बोळाच्या दोन्ही बाजू भरल्या.

"ही पायरी नसती तर हे झालं नसतं," आतून डॉक्टर म्हणाले. ते कपाटाला उद्देशून बोलत होते, कारण फोटोवाल्यांशी ते बोलत नसत.

"पिंजरा कुणी बसवला, ते विचारा म्हणावं," फोटोवाल्यांनीही कपाटालाच सांगितले.

मग सगळेच बोलू लागले. आतले बाहेरच्यांना सांगत होते आणि बाहेरचे आतल्यांना. कपाट मधे होते, त्यामुळे कोणाचेच कोणाला कळत नव्हते. या गोंगाटात बाहेर रस्त्यावर रुग्णवाहिका येऊन थांबली.

आक्कांना चाकाच्या खुर्चीत बसवून ढकलत आणले. त्या अगदी बारीक झाल्या होत्या. मांडीवर एक पर्स होती आणि पायांशी घडीची चालण्याची काठी. बोळाच्या वळणावर खुर्ची थांबली आणि समोर त्यांना त्यांचे कपाट दिसले, उभे, बंद, वाट अडवून.

"आजी, पुढे वाट नाही," रुग्णवाहिकेचा चालक म्हणाला. "मला पुढचा फेरा आहे. इथे सोडू की परत नेऊ?"

"पलीकडे कोण आहे?" आक्कांनी विचारले.

आतून वीसएक माणसांनी एकदम उत्तर दिले.

आक्कांनी थोडा वेळ ऐकून घेतले. मग त्यांनी जो आवाज लावला तो मोठा नव्हता, पण तो कपाटातून, फटीतून आणि गोंगाटातून सरळ पलीकडे गेला. अख्खा जन्म त्यांनी याच आवाजावर काढला होता.

"एकेकाने बोला. नाव नको, घर सांगा. बाकीच्यांनी लाइनवर थांबा."

माणसे थांबली. का थांबली, ते त्यांना नंतरही सांगता आले नाही.

"कोपऱ्यावरचं घर," आतून डॉक्टर म्हणाले. "दातांचा दवाखाना. माझं म्हणणं असं की या पायऱ्या..."

"तुमचं ऐकलं. थांबा. बाहेर पायरीवर उभे आहेत ते कोण?"

"फोटोवाले. माझं म्हणणं, पिंजरा..."

"दवाखाना, ऐकताय? हे म्हणतायत पिंजरा. फोटोवाले, ते म्हणतायत पायऱ्या. दोघांचंही पोचलं. आता दुसऱ्यांना बोलू द्या. पुढचं घर?"

अशी एकेक घरे बोलली. मीटर-तपासनिसाने सांगितले, की त्याच्या आजारी आईला याच बोळातून खांद्यावर घालून न्यावे लागले होते. मुलींच्या आयांनी सांगितले, की गेल्या वर्षी आग लागली होती तेव्हा सुदैवाने ती लहान होती. नर्सबाई म्हणाल्या, की गल्लीत कोणाला काही झाले तर लोक त्यांना बोलावतात, आणि त्यांना दर वेळी एकच भीती वाटते, की माणूस वाचेल, पण बोळातून निघणार नाही. हे सगळे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहत होते आणि एकमेकांचे हे पहिल्यांदाच ऐकत होते.

अध्यक्ष मघापासून बोटांवर काहीतरी मोजत होते. आता ते कपाटाच्या अगदी जवळ आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"कोरम झालाय," ते म्हणाले.

कोणालाच कळले नाही.

"निम्म्याहून जास्त घरं हजर आहेत," ते म्हणाले. "मी... सभा सुरू झाल्याचं जाहीर करतो."

"मी कपाटाच्या बाहेर आहे," फोटोवाल्यांनी शंका काढली. "मला हजर धरायचं का?"

अध्यक्षांनी गंभीरपणे विचार केला. "आवाज येतोय म्हणजे हजर."

बोळ मोकळा करण्याचा विषय कित्येक वर्षे पत्रकात होता. तो आता पाच मिनिटांत संपला. पायऱ्या काढाव्यात आणि पिंजराही काढावा, असे सगळ्या घरांचे मत पडले. बधिर जबड्याच्या गृहस्थांनीही हात वर केला. ते दुसऱ्या वस्तीतले होते म्हणून अध्यक्षांनी तो खाली करायला लावला. राहता राहिला प्रश्न, की आधी कोण काढणार.

"दोघांनी एकदम," आक्का बाहेरून म्हणाल्या. "मी आकडे मोजीन."

पलीकडे डॉक्टर गप्प झाले. अलीकडे फोटोवाले गप्प झाले. गप्प म्हणजे मंजूर, असे अध्यक्षांनी धरले.

पण गवंडी आणि लोहार यायला सोमवार उजाडणार होता. आज काय करायचे, हे ठरावात नव्हते.

"फोडावं लागेल," आतला हमाल कपाटावर थाप मारून म्हणाला. "दुसरा इलाज नाही."

सगळ्यांनी खिडकीसाहेबांकडे पाहिले. त्यांनी सवयीने मान हलवली आणि ती हलवता हलवता थांबवली, कारण या वेळी तिचा अर्थ कोणीतरी लावला असता.

बाहेर चालक घाईत होता. आक्कांनी हात कपाटाच्या दारावर ठेवला.

"बाळा," त्यांनी फटीतून हाक मारली.

"आहे, आक्का."

"मी परत जाते. गाडी आहे अजून. तिथे महिनाभर राहू देतील, मग बघू. रागाने नाही म्हणत मी. घरात जागा नाही, हे मला फोनवर कळलं होतं. बोळाने नुसतं पुन्हा सांगितलं."

बायको खिडकीसाहेबांच्या शेजारी उभी होती, गळ्यात तीच टेप. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिले, मग कपाटाच्या पाठीकडे, आणि घराकडे चालू लागली. लोकांना वाटले, लाज वाटून गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात शिलाई मशीनचा पेचकस आणि पोपटपकड होती.

"वन्सं," ती कपाटाला तोंड लावून म्हणाली, "पाठ काढावी लागेल."

"कंबर काढून बसवली ती पुरे नाही का?" पलीकडून आवाज आला.

"कपाटाची म्हणतेय मी. चार फळ्या आहेत. परत बसवता येतात. तुम्ही तिकडून कुलूप उघडा."

बाहेर पर्स उघडल्याचा आवाज आला आणि किल्ली फिरली. नर्सबाईंनी आतले कप्पे उचलून बाहेर घेतले. आतल्या बाजूला बायकोने एकेक खिळा उपटला. हमाल मदतीला आला, तेव्हा तिने त्याच्या हातात खिळे धरायला दिले. फळ्या निघाल्या आणि कपाटाच्या पाठीतून उजेड आला. मधे फक्त दांडीला टांगलेले आक्कांचे कपडे होते, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारे.

बायको वाकली, कपडे दोन्ही हातांनी बाजूला केले आणि कपाटात शिरून पलीकडे गेली. आक्कांच्या समोर ती उभी राहिली तेव्हा तिच्या डोक्यावर एक लोकरीचा मफलर अडकला होता.

"चला," ती म्हणाली.

"जागा नाही म्हणत होतीस."

"म्हणत होते. अजूनही नाहीये. चला."

आक्कांनी पर्स बंद केली. मग चालकाला म्हणाल्या, "तुम्ही जा. तुमचा खोळंबा झाला."

खुर्ची कपाटात जाणार नव्हती. एका बाजूने नर्सबाई आणि एका बाजूने भावजय, असा आधार घेत आक्का उठल्या, दम खात चार पावले चालल्या आणि स्वतःच्या कपाटात शिरल्या. दारातून शिरल्या आणि मधेच, कपड्यांच्या आत, थांबल्या. बाहेरच्यांना त्यांची पाठ दिसत होती, आतल्यांना त्यांचे पाय. कोणी घाई केली नाही. खिडकीसाहेब पलीकडे हात पुढे करून उभे होते. त्यांनी कपाटाच्या लाकडावर हळूच टकटक केली.

"कोणी आहे का घरात?" त्यांनी विचारले.

कपड्यांमधून एक हात आला आणि त्यांनी तो धरला.

त्यानंतर बधिर जबड्याचे गृहस्थ बाहेर गेले, नर्सबाई आत आल्या, आणि गल्लीचा सगळा व्यवहार कपाटातून सुरू झाला. सोमवारी गवंडी आला नाही, मंगळवारी लोहार आला नाही. तोवर कपाटात एका वेळी एकच माणूस मावत असल्यामुळे समोरच्याला वाट द्यावी लागे, आणि वाट दिली की निदान 'या' तरी म्हणावे लागे. डॉक्टर आणि फोटोवाले त्यात एकदा समोरासमोर आले. दोघांनाही मागे हटायचे नव्हते आणि दोघांच्याही तोंडावर आक्कांची एकच शालजोडी लोंबत होती. "या," शेवटी डॉक्टर म्हणाले. पुढे चार दिवसांनी पायऱ्या आणि पिंजरा एकाच वेळी निघाले. आक्का खुर्चीत बसून आकडे मोजत होत्या.

मोकळ्या बोळातून कपाट डौलात आत आले, पाठीला फळ्या लागल्या, हमालांनी ते थेट खिडकीसाहेबांच्या घराशी नेले आणि तिथे ते थांबले. बायकोने भिंत दोनदा मापली होती. दार मापले नव्हते.

"बोळ तरी रुंद करता आला," हमाल घाम पुसत म्हणाला.

यावर सगळी गल्ली विचार करू लागली, कारण आता गल्लीला एकत्र विचार करायची सवय लागली होती. मंडळाची खोली पूर्वी, पायऱ्या आणि पिंजरा येण्याआधी, हातगाड्या ठेवायची जागा होती आणि तिचे दार मोठे होते. तात्पुरते म्हणून अध्यक्षांनी परवानगी दिली. कपाट मंडळाच्या खोलीत गेले.

आक्कांचे कपडे मंडळात आणि आक्का घरात, असे झाले. रोज सकाळी भावजयीचा हात धरून त्या कपडे घ्यायला मंडळात येऊ लागल्या. हाडांच्या डॉक्टरांनी चालायला सांगितलेच होते. आल्या की दमून तिथेच बसत. त्या बसलेल्या दिसल्या की कोणीतरी आत डोकावे, डोकावले की बसे, आणि बसले की गल्लीतले काही ना काही निघे. दुपारी भावजय गणवेशाची काजे करायला तिकडेच येई, कारण घरी जागा नव्हती. संध्याकाळी कचेरी सुटली की खिडकीसाहेबही येत. त्यांनी दोन वाक्ये बोलायला सुरुवात केली होती. पहिल्यांदा तर लोकांना त्यांचा आवाज ओळखू आला नाही.

सभांना माणसे मावेनाशी झाली. याचा त्रास फक्त अध्यक्षांना झाला. सभा तहकूब कशी करायची हे त्यांना चांगले ठाऊक होते, पण भरलेली सभा संपवायची कशी, याचा त्यांना अनुभव नव्हता. ते ताटकळून बसत. शेवटी आक्काच "ठेवते आता" म्हणत आणि माणसे उठत.

खोलीही बदलत गेली. पायऱ्या काढताना बाहेर ठेवलेले फोटोवाल्यांचे बाकडे आता परत दुकानात चढवता येईना, ते कपाटाशेजारी येऊन बसले. डॉक्टरांची जुनी रोग्यांची खुर्ची आली. नर्सबाईंची पाय टेकायची चौकी आली.

त्याच सुमारास गल्लीत एक नवीन भाडेकरू राहायला आला. तरुण मनुष्य होता, बायको होती, खोली एकच होती. दुसऱ्याच दिवशी तो मंडळात आला आणि दारातच उभा राहिला.

"मला मंडळात यायचं असेल तर काय करावं लागतं?" त्याने अध्यक्षांना विचारले.

कोणीतरी हे विचारील म्हणून अध्यक्ष कित्येक वर्षे थांबले होते. नियम त्यांना तोंडपाठ होते. पण त्यांनी खोलीकडे एकदा पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि नियम सांगायचे त्यांच्या मनातून गेले.

"घरात मावत नाही असं काही आहे का तुमच्याकडे?" त्यांनी विचारले.

तरुण मनुष्य गोंधळला. त्याने खाली पाहिले, मग दाराबाहेर, आपल्या खोलीच्या दिशेने पाहिले.

"वस्तू अशी नाही," तो हळू म्हणाला. "वडील आहेत."

आक्कांनी मांडीवरच्या कपड्यांची घडी थोडी बाजूला सरकवली आणि भावजयीने बाकड्यावरचे गणवेश उचलून घेतले. फोटोवाल्यांच्या बाकड्यावर एका माणसाची जागा झाली.

"उद्या सकाळी घेऊन या," अध्यक्ष म्हणाले.